डिकीतलं फडकं

इंद्रभाननं चिखलीच्या एसटी डेपोत सगळी नोकरी बॅटरीच्या खोलीत काढली. बसची बॅटरी म्हणजे दोन माणसांचं ओझं. ती गुडघ्यात वाकून मांड्यांच्या जोरावर उचलायची, कंबरेच्या नाही. कंबरेनं उचलणारे लवकर घरी बसले. इंद्रभान वय झाल्यावर घरी बसला, पाठ शाबूत घेऊन. खाकी कपडे मात्र त्याचे कधी शाबूत राहिले नाहीत.

ॲसिडचा थेंब कापडावर पडला की लगेच काही दिसत नाही. डाग नाही, भोक नाही. कापड पाण्यात घालून चोळलं की तिथला धागा विरघळतो आणि हातात चाळणी येते. डेपोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्यानं नांदायला आलेल्या शालूबाईला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी इंद्रभाननं ड्युटीवरून येऊन सदरा दांडीवर टाकला. तिथं तिच्या आईनं दिलेलं हिरवं सुती लुगडं वाळत होतं. पुढच्या धुण्याला त्या लुगड्याचा पदर शालूबाईच्या बोटांतून तुकडे होऊन निसटला.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणाच्या टोकाला त्याच्यासाठी वेगळी खुंटी ठोकली, खाली वेगळी बादली ठेवली. मग वर्षानुवर्षं तेच. इंद्रभान सायकल भिंतीला टेकवायचा, खुंटीपाशी कपडे उतरवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. रिटायर झाल्यावर खुंटी रिकामी झाली, तरी संध्याकाळी त्याचे पाय आधी तिकडेच वळायचे.

यंदा त्यांची लेक प्रतीक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आता मायलेकींना धामणगाव बढ्याला, तिच्या सासरी पोचवायचं होतं. इंद्रभाननं आधीच सांगून टाकलं होतं की नात घरच्या गाडीनं जाईल. घरची गाडी म्हणजे रिटायर झाल्यावर घेतलेली जुनी फियाट. पण बॅटरी बसते तो बॉनेटखालचा पत्रा ॲसिडनं खाल्ला होता. दोनदा वेल्डिंग झालं होतं. तिसऱ्यांदा वेल्डर म्हणाला की जोड द्यायला आता पत्राच उरला नाही.

इंद्रभाननं बॅटरी डिकीत न्यायचं ठरवलं.

हे काम नुसतं जागा बदलण्याचं नाही. तार लांब झाली की वाटेत ताकद कमी होते, म्हणून त्यानं वेल्डिंगची जाड तांब्याची केबल घेतली. बॅटरीपासून वीतभरावर मोठा फ्यूज लावला. पुढं तार कुठं घासून पत्र्याला टेकलीच, तर फ्यूज जावा, गाडी जळू नये. पत्र्यातून तार जिथं जाते तिथल्या भोकाच्या कडा कानशीनं गुळगुळीत केल्या, वर रबर बसवलं. पेट्रोलची टाकी डिकीत ज्या अंगाला होती, त्याच्या उलट अंगाला बॅटरी ठेवली. लोखंडी पट्टीनं आवळून बोल्ट तळातून आरपार कसले. त्यावर झाकणाची पेटी, आणि पेटीतून एक नळी थेट गाडीखाली. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, तो डिकीत कोंडला तर एका ठिणगीनं पेट घेतो.

शेजारचा किसनराव डेपोतलाच, ड्रायव्हर होता. तो अंगणाच्या कठड्यावर बसून सगळं पाहत होता. "बे इंद्रभान, बॅटरी मांगं गेली. आता इंजिनबी मांगं ने, अन् तू पुढं होऊन गाडी ओढ."

इंद्रभाननं पाना पुन्हा लावला. बोल्ट अर्धा आटा अजून फिरत होता.

संध्याकाळी त्यानं शालूबाईला डिकी उघडून दाखवली. ती आत गेली आणि बाळंतविड्यातली गोधडी घेऊन आली. नातीसाठी तिनं ती महिनाभर शिवली होती. भोवती जुन्या साड्यांचे तुकडे, मधोमध हिरवा चौकोन. इंद्रभाननं तो लगेच ओळखला. लुगड्याचा जो भाग वाचला होता, तो एवढी वर्षं तिच्या पेटीत होता.

"हे त्या बॅटरीजवळ मी ठेवणार नाही," ती म्हणाली. मागच्या सीटवर ती, प्रतीक्षा आणि बाळ बसणार, पुढं पाळणा. बाळंतविड्याच्या गाठोड्याला जागा होती ती डिकीतच. ती म्हणाली की गाठोडं मांडीवर घेऊन ती एसटीनं येईल; त्यानं लेकीला घेऊन पुढं व्हावं.

त्यानं फ्यूज दाखवला, नळी दाखवली, झाकण दाखवलं.

"दिसते ते मले सांगू नका. धुतल्यावर समजते."

तिनं जुन्या धोतराचं एक धुतलं फडकं आणलं आणि पेटीच्या झाकणावर अंथरलं. मग इंद्रभानला गाडी साखरखेर्ड्यापर्यंत नेऊन आणायला लावली. परत आल्यावर फडकं जसंच्या तसं होतं, पांढरं, कोरडं. किसनराव म्हणाला, झालं. शालूबाईनं ते चार दिवस तसंच राहू दिलं. मग त्याच वेगळ्या बादलीत चोळलं, पिळलं आणि उन्हाकडं धरलं. एका कोपऱ्यात तीन भोकं होती.

तिनं फडकं त्याच्या हातात दिलं.

इंद्रभान दुपारभर डिकीपाशी बसून राहिला. चूक सापडली ती त्याच्या हाताच्या सवयीत. डेपोत उन्हाळ्यात तो बॅटरी गळ्यापर्यंत भरायचा. पण गाडीची मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उसळते. खड्ड्यात बॅटरीतलं ॲसिडचं पाणी उसळलं आणि तार जिथून बाहेर येते त्या फटीतून झाकणावर आलं. त्यानं पिचकारीनं जास्तीचं पाणी काढलं, आतल्या प्लेटांवर बोटभरच ठेवलं. फटीत रबर ठोकलं, झाकणाला पट्टी लावली. ॲसिड मारून पेटी धुवायला खायचा सोडा लागला, तो शालूबाईनं मागायच्या आधीच आणून ठेवला होता.

पुन्हा फडकं, पुन्हा साखरखेर्डा. या वेळी त्यानं एकही खड्डा चुकवला नाही. पुन्हा चार दिवस.

धुतलेलं फडकं शालूबाईनं दोन्ही हातांनी ताणलं. आधी मध्ये पाहिलं, मग चारही कोपरे, मग उलटं करून पुन्हा. प्रतीक्षा बाळाला घेऊन दारात उभी होती.

"आई, बस कर न वं. पाहून पाहून भोक पाडशील."

शालूबाईनं फडकं दांडीवर वाळत टाकलं. घरातल्या दांडीवर, इतर कपड्यांसोबत.

निघायच्या सकाळी पाळणा पुढं चढला, प्रतीक्षा आणि बाळ मागं बसले. शालूबाई गाठोडं घेऊन डिकीपाशी आली. आजवर असलं जपलेलं कापड तिनं इंद्रभानच्या हातात कधी दिलं नव्हतं. तो खुंटीपाशी गेला, बादलीतल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि धोतरालाही न पुसता तसेच हवेत वाळवले.

"तुम्हीच ठेवा," ती म्हणाली आणि गाठोडं कठड्यावर टेकवलं.

त्याला काही वजन नव्हतं. तरी इंद्रभान गुडघ्यात वाकला, पाठ सरळ धरली आणि ते मांड्यांच्या जोरावर उचललं.