कोरड्या बंदरावरचा तिसरा मेमो

यार्डातले किस्से कंटेनरसारखेच एकावर एक रचले जातात. आपल्याला हवा असतो नेमका सगळ्यात खालचा, आणि तो काढायचा तर वरचे चार आधी उतरवावे लागतात. तेव्हा मंडळी, जरा दम धरा. एकेक उतरवतो.

मी नाशिकजवळच्या ड्राय पोर्टवर कामाला आहे. म्हणजे कोरडं बंदर. समुद्र सोडून बाकी सगळं आहे: कस्टम, क्रेन, ट्रेलर आणि ढीगभर धूळ. इकडचा कांदा, इकडची द्राक्षं आम्ही कंटेनरमध्ये भरायची, दाराला सील ठोकायचं आणि खऱ्या बंदराकडे रवाना करायचं. माझं पद 'यार्ड असिस्टंट'. म्हणजे गेटवर नंबर उतरवून घे, अडलं तर फोर्कलिफ्टही चालव, थंड कंटेनरचे प्लग लाव, सील ठोक. आणि साप निघाला की, "गांगुर्डेंना बोलवा!"

माझे सासरे देवळ्याचे. जावई बंदरावर लागला म्हटल्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्याच भेटीत हळूच म्हणाले, "जावईबापू, पुढच्या खेपेला बोंबील आणा. ताजे. तुमच्या हातचे!"

त्यांना समजावण्यापेक्षा बोंबील आणणं सोपं होतं. दोन वर्षं मी नाशिकच्या बाजारातून विकत घेऊन नेतोय. परवा सासरे पाहुण्यांना सांगत होते, "बाजारात मिळतात, पण ही चव नाही!"

*

आता मेमोचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

सिन्नरची कंपनी बंद पडली तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांचा. वर्षभर घरी बसलो. त्या वयात कोण घेतं हो? पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अशात इथे काँट्रॅक्टवर लागलो. आमच्या सोनवणे मॅडम माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गांगुर्डे, तीन मेमो झाले की गेटपास जमा करायचा. मला सांगायलाही यायचं नाही."

पहिला मेमो माझ्या जिभेमुळे मिळाला.

यूपीचा एक नवा ट्रेलर ड्रायव्हर आला. त्याला फक्त 'पोर्ट पे जाना है' एवढंच सांगितलेलं. खाली उतरला, चारी दिशांना बघितलं आणि मला विचारलं, "भैया, समंदर किधर है?"

आता असा चेंडू सोडवतो का? ओहोटीवर ढकललं. म्हटलं, "अभी भाटा है. शाम को आएगा."

मी विसरूनही गेलो. पाच वाजता मॅडमनी बघितलं तर त्याची गाडी रिकामी, कागद हातात, आणि हा गेटजवळ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला!

"निकलते क्यों नहीं?"

"मॅडम, पानी का वेट कर रहा हूँ."

मेमो नंबर एक!

*

दुसरा मेमो भामरेचा. म्हणजे चूक त्याची, मेमो माझा.

भामरे आमचा फोर्कलिफ्टवाला. सटाण्याकडचा, बोलणं पक्कं अहिराणी. आखातात जाणारा कांद्याचा कंटेनर भरला, मी आत डोकावून 'तपासले' म्हणून सही केली, दार लावलं, सील ठोकलं. खट्‌! एकदा खट्‌ झालं की ते सील कापायला कस्टमचा साहेब लागतो, कागद लागतात, आणि सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं.

तेवढ्यात भामरे पोटावर हात ठेवून आला. "भो, मना डबा मजारच ऱ्हायना!"

डबा आत! गोण्यांच्या मागे, सावलीत ठेवला होता म्हणे. तीन पुडांचा, स्टीलचा, वर बायकोचं नाव कोरलेलं. मी म्हटलं, "गप. एक अक्षर बोलू नकोस." ट्रेलर निघून गेला.

मग मात्र झोप उडाली. जेवताना वांग्याची भाजी पुढे आली की त्या डब्यातली वांगी आठवायची. कंटेनर आत्ता कुठे असेल, कोण उघडेल, वास येईल का, हेच डोक्यात. बाराव्या दिवशी परदेशातून मेल आला. मॅडमनी मला समोर उभं करून मराठीत वाचून दाखवला.

"पॅकिंग लिस्टमध्ये नसलेली एक वस्तू मिळाली आहे. स्टील. आत भाजी. कृपया नग कळवावेत."

मेमो नंबर दोन.

भामरेने घाबरत घाबरत बायकोला खरं सांगितलं, की डबा परदेशात सापडलाय. ती म्हणाली, "झाकण शे ना त्यावर?"

*

दोन मेमो झाल्यावर माणसाचं काय होतं ते मला विचारा. मला सगळ्याचीच शंका येऊ लागली. घरी फ्रीज उघडला की आधी तापमान बघायचो. बायको म्हणायची, "अहो, दूध काढा आणि दार लावा. ते कुठे निर्यात होणार नाहीये!"

एका रविवारी चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता, देवळ्यालाच. अंगठी बोटात जायला आणि मला आठवायला एकच गाठ पडली: काल निघताना द्राक्षांच्या कंटेनरचा प्लग लावला का? आठवेचना! प्लग नसेल तर आतल्या द्राक्षांचा रस, आणि माझा तिसरा मेमो.

भामरेला फोन लावला, बंद. मॅडमना विचारायची सोय नाही. न जेवताच निघालो, एसटी, मग जीप, मग रिक्षा. घामाघूम होऊन यार्डात पोहोचलो. प्लग लावलेला होता. वर चिकटपट्टीने एक चिठ्ठी:

'लावला आहे. परत बघायला येऊ नये.'

अक्षर माझंच!

*

आता तळातला.

रिकाम्या कंटेनरमध्ये माल भरण्याआधी पत्र्याला भोकं नाहीत ना ते बघावं लागतं. रीत सोपी. एक माणूस आत जातो, दुसरा बाहेरून दार बंद करतो. आतून कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर भोक आहे. मिनिटभराचं काम. आतल्याने ठोकायचं, बाहेरच्याने उघडायचं.

त्या दिवशी मी आत, भामरे बाहेर. दार बंद झालं. चारी बाजूंनी बघितलं, मिट्ट काळोख. पास! ठोकलं. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. गेटवर दोन ट्रेलर अडकले होते आणि भामरेला तिकडे कुणी हाक मारली, हे मला नंतर कळलं. तो गेला, तो मला विसरूनच!

फोन केबिनमध्ये चार्जिंगला. पत्रा उन्हाने तापलेला. पंधराएक मिनिटं गेली असतील. ओरडणार, तोच बाहेर मॅडमचा आवाज. ओरडलो तर सुटका, पण सुटकेसोबत मेमो. गप्प राहिलो तर जीव जाईल, नोकरी राहील. मंडळी, हसू नका, मी दोन्हींचा तोल करत उभा होतो! एवढ्यात क्रेनचा पीं-पीं आवाज जवळ आला आणि पायाखालची जमीन हलली. कंटेनर उचलला! इतरांना सांगताना मी तिसऱ्या मजल्यापर्यंत नेतो, तुम्हाला खरं सांगतो, फूटभर. पण अंधारात फूटसुद्धा फार मोठा असतो.

"थांबवा," कुणीतरी म्हणालं. "हाच उघडून दाखवा."

कंटेनर धपकन खाली. दार उघडलं. समोर कस्टमचे नवे साहेब, अचानक तपासणीला आलेले. शेजारी मॅडम. मागे पांढराफटक भामरे. आणि मी मधोमध, सावधानमध्ये, शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला.

"हे कोण?" साहेब म्हणाले.

मॅडमचा हात मेमोबुकाकडे गेलेला मी बघितला. तोंडातून आपोआप निघालं, "सर, उजेड तपासणी. एकही भोक नाही!"

"किती वेळ आत आहात?"

"चाळीस मिनिटं, सर. भोक बारीक असलं तर डोळा सरावायला वेळ लागतो."

साहेबांनी कंटेनरमध्ये डोकावून बघितलं. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "इतकी कसून तपासणी मी कुठल्याच यार्डात बघितली नाही. यापुढे प्रत्येक कंटेनरला चाळीस मिनिटं. लेखी काढा."

मॅडमनी मेमोबुक बंद केलं. त्याच पेनने ड्युटीची यादी लिहिली. पहिलं नाव, भामरे.

आत शिरताना तो दारात थांबला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "खोटंच बोलानं व्हतं, ते पाच मिनिट सांगानं व्हतं ना, भो!"