बुटातला माणूस

दापोडीच्या अलीकडे शेतात आमचं घर होतं, पन्नास सालानंतरची गोष्ट. मी नवी नवरी, चौथी पास. घरात वाचता येणारी बाई मी एकटीच, म्हणून स्वतःला वकिलाहून कमी समजत नव्हते. आज त्या शहाणीला समोर बसवून दोन चापट्या द्याव्याशा वाटतात.

थोरले दीर माझ्या लग्नाआधीच लढाईवर गेलेले. सरकारनं 'बेपत्ता' एवढंच कळवलं. लढाई संपून वर्षं लोटली, तरी थोरल्या जाऊबाई रोज कुंकू लावायच्या. बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण ओटी भरताना घुटमळायच्या.

एका दुपारी चाकणकडचा एक जुना शिपाई फोटो घेऊन आला. ट्रकपुढे उभे चार जवान. कडेच्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो नुकताच आमच्या तुकडीत आल्याला. आडदांड, म्हणून आमी पैलवान म्हणायचो. नाव इचारायच्या आत मारला गेला. इकडलाच, एवढं ठाव हाय. तुमचा का बघा."

सासूबाईंना मोतीबिंदू. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली आणि फोटो तसाच मांडीवर ठेवला. माझे यजमान म्हणाले, "दादा गेला तवा मी लहान. आठवत न्हाई." मग वकिलीणबाई सरसावल्या. मी फोटो ह्यांच्या गालाशी धरला, नाकाला नाक, कानाला कान लावून पाहिलं. "नाक तंतोतंत, आत्याबाई! अहो, जरा मिशीला पीळ द्या की!"

जाऊबाई दाराआडून पुढं आल्या. फोटो हातात घेऊन खाली बघत राहिल्या.

"धाकटे, पायात हे काय हाय?"

"बूट."

"मग मी न्हाई वळखायची."

मला हसू फुटलं. "अवो, तोंड बघा की!"

"तोंड कवा बघितलं गं? दिसा मान वर केली की आत्याबाई खाकरायच्या. राती दिवा मालवलेला. पाय तेवढे वळखीचे."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

शिपाई म्हणाला, "फोटो ऱ्हाऊ द्या, वहिनी."

"परक्या पुरुषाचा फोटो घरात कसा ठेवू, भाऊ?"

"आन तुमचाच असला तर?"

"तर कपाळ पुसते. पर व्हय म्हणा की कुणीतरी! न्हाईतर न्हाई म्हणा!"

ह्यांनी मान खाली घातली. नाकाची वकिली करणारी मीसुद्धा. शिपाई फोटो खिशात घालून सांगवीच्या वाटेला लागला.

पुष्कळ वर्षांनी जाऊबाई गेल्या, त्या कुंकवासकटच. न्हाऊ घालताना एकीनं हळूच विचारलं, "सवाष्ण म्हणून न्यायची का?" घरात आता मीच मोठी. सगळ्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी हिरवं लुगडं काढून दिलं. खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. विचारायला कुणी उरलं नव्हतं.