लाल पेन

आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासणारे गृहस्थ कोणालाही सोडत नाहीत. टायपिंग माझ्याकडे असतं. मी म्हटलं, "सर, फाइल सेंड केली," की मान वर न करता ते म्हणतात, "पाठवली म्हणा. तेवढ्याच वेळात पोचते." माझ्या लेकीची लग्नपत्रिका त्यांनी तीनदा परत केली. चौथ्यांदा सही करून म्हणाले, "आता लग्न लावायला हरकत नाही." त्यांच्या सहीशिवाय एकही पान छपाईला जात नाही.

गेल्या महिन्यात मांजरी गावाहून एक बाई आल्या. वारलेल्या आईने सांगितलेल्या गोष्टी त्यांनी आईच्याच बोलीत वहीत उतरवल्या होत्या. वर्षश्राद्धाला नातवंडांना पुस्तिका द्यायची होती. सरांच्या धाकात इतकी वर्षं काढलेली मी, टाइप करतानाच सगळं शुद्ध करून बसले. बाईंनी वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "चांगलं झालंय. पण ह्यात आई न्हाई."

सरांनी वही मागून घेतली. लाल पेनाने त्यांनी माझे शुद्ध शब्द एकेक करून खोडले आणि वर आईंचे लिहिले. अक्षर लागलं नाही तिथे विचारायचे, "हे आई कसं म्हणायच्या?" बाई म्हणून दाखवायच्या, ते तसंच लिहून घ्यायचे. माझं दोन दिवसांचं काम वाया गेलं.

शेवटच्या पानावर सही करून त्यांनी मुखपृष्ठ पुढे ओढलं.

"इथे एक चूक राहिली आहे," ते म्हणाले. "लेखिकेचं नाव नाही. काय नाव आईंचं?"