मामाचं वादळ आणि मामीची बॅग

माझ्या मामाचं पोट सूर्यावर चालतं. सूर्याने आगीचा ढग ओकला, की अंतराळातलं यान फोटो पाठवतं आणि तो ढग पृथ्वीकडे येतोय का, हे मामा सांगतो. गोम अशी, की थेट आपल्याकडे येणारा ढग आणि थेट पलीकडे पळणारा ढग समोरून सारखेच दिसतात, सूर्याभोवती नुसतं एक कडं. म्हणून मामा बाजूने बघणाऱ्या दुसऱ्या यानाचाही फोटो घेतो, कॉम्प्युटरवर तारेच्या जाळीचा फुगा तयार करतो आणि दोन्ही फोटोंवर चपखल बसेपर्यंत त्याला ओढत-दाबत राहतो. बसला, की दिशा कळते आणि ढग कधी पोचणार तेही. ऑफिसात मामाचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नाही.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. मामी चार दिवस बहिणीकडे राहून आली. हातात बॅग घेऊन दारात उभी. मामाने स्क्रीनवरून मान वर केली आणि प्रेमाने विचारलं, "कुठे निघालीस?"

मामी आल्यापावली बहिणीकडे परत गेली.

"अगं, समोरून दोन्ही सारखंच दिसतं," मामा मला पटवून देत होता.

"चार दिवस बायको घरात नाही, हे कळलं नाही तुला?"

"वाटलं, आतल्या खोलीत असेल."

मी भाची पडले, नाहीतर तोंडाचा पट्टा सोडला असता. पण आठवडा उलटला, मामी फोन उचलेना. मामा तर तेच कडं सारखं बघत बसलेला. शेवटी मीच त्याला मामीच्या बहिणीकडे ओढून नेलं. "तिथे तोंड उघडण्याआधी नीट बघ," एवढंच बजावलं.

दार उघडंच होतं. दारात मामी, हातात बॅग. हुबेहूब तोच फोटो. मामाने तोंड उघडलं, मी चिमटा काढला, त्याने मिटलं. मग गडी अंग चोरून चौकटीतून आत शिरला आणि मामीच्या बाजूला जाऊन वाकून बघू लागला. तिच्या पायात चपला होत्या. मागे भिंतीशी दुसरी बॅगही भरून ठेवलेली होती.

"घरी निघालीस," मामा म्हणाला.

"परवापासून निघालेय," मामीने जड बॅग त्याच्या हातात दिली. "तुम्ही कधी पोचाल, तेवढा अंदाज माझा चुकला."