लाखेवरची मोहोर

‘शिक्कामोर्तब झालं’ असं कुणी हौसेनं म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. म्हणे शिक्का म्हणजे माणसाचा शब्द! माणूस नको म्हणत असताना त्याच्या शिक्क्यानं हो म्हटलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमचं चादरींचं दुकान होतं. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हातात चांदीची जाड अंगठी असे. तिच्यावर बेलाचं पान आणि घराण्याचं अक्षर उलटं कोरलेलं. गठ्ठा शिवला की गाठीवर तापलेली लाख ओतायची आणि अंगठी दाबायची. लाख फुटलेली दिसली तर परगावचा व्यापारी गठ्ठ्याला हात लावत नसे. जुन्या काळी कागदाच्या शेवटी मोर्तब उठवत, ते खाली कुणी ओळ घुसडू नये म्हणून, हे मला अप्पांनीच सांगितलेलं.

आमच्या घरात मुलगी द्यायचा शब्दही तसाच जाई. हळकुंड-सुपारी पिवळ्या फडक्यात बांधायची, गाठीवर लाख आणि लाखेवर बापाची मोहोर. ती पुरचुंडी सासरी पोचली की शब्द फिरवायचा नाही.

मी मॅट्रिक झाले आणि जेऊरचं स्थळ आलं. अप्पांनी सरळ सांगितलं, “पोरगी कॉलेजला जाणार हाय.” थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत होती. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच सोयीचं नव्हतं.

पुतणीचं ओझं आपल्या डोक्यावर येणार म्हणून काकांनी परस्पर होकार कळवला. पुरचुंडी घेऊन ते अप्पांच्या खाटेपाशी बसले, गाठीवर लाख ओतली, अप्पांचा लुळा हात उचलला आणि अंगठी दाबली. अप्पा डाव्या हातानं खाट बडवत होते. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

“बगा, लेकीचं कल्याण बगून जीव भरून आलाय,” काका म्हणाले. जमलेल्या बायकांनी लगेच डोळ्यांना पदर लावले. माझी अव्वा, म्हणजे आई, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“अप्पा न्हाय म्हणत्यात!” मी ओरडले.

“गप की गं. बापाची मोहोर उठली, आता तू कोण बोलणार?” काकांनी दटावलं.

जेऊरला सासूबाईंनी लाख उजेडात धरून पाहिली आणि मोहोर लई सुरेख उठलीय म्हणाल्या. उठणारच. हात हलला नव्हता ना.

नागपंचमीला माहेरी आले तेव्हा अंगठी काकांच्या बोटात होती. दुकान चालवायचं तर हवीच की! मी अप्पांच्या उशाशी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि गोधडीखाली घातला. मी तो हातात घ्यायला गेले, तर त्यांनी गोधडी घट्ट धरून ठेवली.