उरलेले दोन दशांश

दगडाला बोलतं करायला मामांना चार दिवस लागत. पहिल्या दिवशी ते दगडाचं वस्त्रगाळ पीठ वाळवून, चिमूटभर तोलून, सोड्यात मिसळून प्लॅटिनमच्या इवल्याशा मुशीत वितळवत. दुसऱ्या दिवशी तो थिजलेला रस आम्लात विरघळवून संथ वाफेवर आटवत बसत. तिसऱ्या दिवशी गाळत, धूत, पुन्हा धूत. आणि चौथ्या दिवशी गाळणीच्या कागदासकट सगळं जाळून मागे जे पांढरंशुभ्र, कापसासारखं हलकं उरे, ते काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवून श्वास रोखून तोलत. ती दगडातली सिलिका. वाळू जिची बनते तीच.

एकतीस वर्षं ते हेच करत होते, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. खिडकीखाली पाण्याचा नळ, भिंतीला भट्टी, आणि टेबलाच्या खणात कापसात गुंडाळलेली मूस. त्या मुशीला ते कुणाला हात लावू देत नसत, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्यांना मुशीमामा म्हणे. घरी मामी म्हणत, "माझी सवत अंगठ्याएवढी आहे, पण तिचा थाट बघा." मामा यावर कधी रागावले नाहीत. सवत गप्प तरी असते, एवढंच ते हळूच म्हणत, आणि मग दोन दिवस त्यांना चहा जरा थंडच मिळे.

वरच्या मजल्यावर क्ष-किरणांचं मशीन होतं आणि ते चालवणारी ताई होती. ती त्याच पिठाची काचेसारखी चकती ओतायची, मशीनच्या पोटात ठेवायची, आणि अकरा मिनिटांत दहा घटकांचे आकडे कागदावर हजर. मामांना तिचं कौतुक होतं. तिला मामांचा धाक होता आणि लळाही होता. एकदा मामांनी तिला विचारलं होतं की, तुझ्या मशीनला हे सगळं कळतं कसं? ती म्हणाली, आधी त्याला ओळखीचे दगड दाखवावे लागतात, ज्यांचे आकडे पक्के ठाऊक आहेत असे. त्यांच्याशी ताडून ते नव्या दगडाचं सांगतं.

"आणि ते ओळखीचे दगड ओळखीचे कुणी करून दिले?"

"तुमच्यासारख्यांनी, मामा."

मामा त्या दिवशी जिना उतरले ते वरातीतल्या नवरदेवासारखे.

असाच एक दगड नव्याने ओळखीचा करायचा होता. हिरवट काळा, जुना, एका डोंगराच्या पोटातून काढलेला. त्याचं पीठ करून, एकजीव करून, बरण्या भरून सेहेचाळीस प्रयोगशाळांना पाठवल्या होत्या. ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने मोजायचं, शेजाऱ्याचं पान बघायचं नाही. पुढे सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून कोणती पद्धत कुठे चुकते ते पाहायचं, आणि त्यातून त्या दगडाचा खरा आकडा ठरवायचा. प्रयोगशाळेला नाव नाही, फक्त क्रमांक. यांचा क्रमांक तेवीस. तेवीसने दोन रकाने भरायचे ठरवलं: एक मामांच्या हाताचा, एक ताईच्या मशीनचा.

मामांची सिलिका आली ४९.०. ताईची आली ५०.०.

ऐकणाऱ्याला वाटेल, शंभरात एकाचा फरक, त्यात काय मोठंसं? पण या धंद्यात एक म्हणजे पायाखालची पायरी गायब. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. माणूस सभ्य होता, पण निर्णयाला घट्ट. ते म्हणाले की, हाताच्या पद्धतीत सिलिका थोडी गाळणीतून निसटते हे पुस्तकातही लिहिलंय, आणि वयाबरोबर हातही सैल पडतो, त्यात लाज नाही. कागद पुढच्या शनिवारी जायचा आहे. तोवर मेळ बसला नाही तर एकच रकाना जाईल, मशीनचा. मग खालच्या खोलीचाही एकदा विचार करावा लागेल. मामांच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत, तेवढे ते भांडारात सुखाने काढतील.

खोलीत येऊन मामांनी आपले दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले आणि बघत राहिले. थरथरत तर नव्हते. पण तराजूला जे दिसतं ते डोळ्याला थोडंच दिसतं?

घरी ताटावर बसल्यावर मामींनी ओळखलं. विचारलं तर त्यांनी सगळं सांगितलं. मामी म्हणाल्या, "एकतीस वर्षं माझ्या मिठात खोट काढलीत. चिमटीचा अंदाज चुकला तर घास तोंडात टाकत नव्हतात. ते हात आजच सैल झाले? पुन्हा करा की."

मामांनी पुन्हा केलं. चार दिवस, डोळ्यांत तेल घालून. नवं पीठ, नवा कागद, दोनदा धुतलेलं पुन्हा दोनदा धुतलं. बुधवारी दुपारी तराजूचा आकडा स्थिर झाला. ४९.०.

हात तर तोच आकडा पुन्हा सांगत होता. मग मामांनी जे आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. सगळे भांडत होते सिलिकेच्या एका ओळीवर. मामांनी दोन्ही कागद वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखे वाचले. त्यांच्या कागदावर खाली एक ओळ होती: तापवल्यावर घट, १.६. म्हणजे दगडाच्या अंगातच बांधलेलं पाणी, जे वाळवून जात नाही, भट्टीतच जातं. हिरव्या जुन्या दगडात ते असतंच. सगळं मिळून मामांची बेरीज ९९.८. ताईच्या कागदावर पाण्याची ओळ नव्हती, तरी बेरीज १००.०. काठोकाठ.

ते जिना चढले. गुडघ्यांमुळे एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत चढले. ताई चकत्या पुसत होती.

"पोरी, तुझं मशीन पाणी मोजतं का?"

"नाही मामा. चकती ओततानाच ते उडून जातं."

"मग या दगडाची तुझी बेरीज शंभराला कमी पडायला हवी. भरली कशी?"

ताईच्या हातातला रुमाल तसाच राहिला. मग ती खुर्ची ओढून संगणकाच्या पडद्यासमोर बसली आणि एकामागून एक खाती उघडत गेली. दोन महिन्यांपूर्वी मशीनमध्ये नवा प्रोग्राम बसवला होता. त्यात एका कोपऱ्यात, कुणी न सांगता, एका चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती: बेरीज शंभर करून द्या. तेव्हापासून मशीन जे कमी पडेल ते सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं वाढत होतं. दोन महिने जे दगड आले ते ताजे, कोरडे, त्यांत पाणी नावालाच, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ताईने ती खूण पुसली आणि हिशेब पुन्हा लावला. बेरीज ९८.४. सिलिका ४९.२.

ताईचे कान लाल झाले. रोज शंभर आलेलं बघून मी खूश होत होते, असं ती खाली मान घालून म्हणाली. मामांनी तिची समजूत घातली, की ज्याची बेरीज रोज शंभर येते तो एक तर देव असतो, नाही तर मोजत नसतो, आणि तू तर बिचारी मोजत होतीस.

फरक आता दोन दशांशांचा उरला. एवढा फरक सगळ्यांनाच चालतो. साहेबांनीही मान हलवली, दोन्ही रकाने जातील म्हणाले, आणि आपण हातांबद्दल बोललो ते मनावर घेऊ नका असंही म्हणाले. मामा इथे थांबले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. जिंकलेला माणूस खाली बसतो, ही जगाची रीत.

पण ते दोन दशांश मामांना ओळखीचे वाटत होते. गाळून खाली उतरलेल्या पाण्यात सिलिकेचा एक अंश राहतोच. तो निळा रंग उठवून मोजायचा आणि वर मिळवायचा, ही पद्धतीची शेवटची पायरी. रंग मोजायचं उपकरण दोन वर्षांपूर्वी वर हलवलं, आणि तेव्हापासून मामांनी ती पायरी सोडली होती. गुडघे दुखायचे. निसटून निसटून किती निसटणार, असं स्वतःलाच सांगितलं होतं. हात सैल पडले नव्हते, पण पाय मागे राहिले होते.

शुक्रवारी सकाळी, राहिलेला गृहपाठ उशिरा दाखवायला निघावं तसे, मामा गाळलेल्या पाण्याची बाटली छातीशी धरून जिना चढले. मधे एकदा टेकले. ताईला त्यांनी खरं ते सांगितलं. ती हसली नाही. तिने उपकरण चालू केलं, मामांनी औषधं मोजून टाकली, आणि दोघं बघत राहिले. नितळ पाण्यात हळूहळू निळाई उतरली, पहाटेच्या आभाळात उतरते तशी, आधी आहे की नाही कळेना, मग आहेच. आकडा आला ०.२.

मामांनी आपल्या कागदावर ४९.० खोडलं, बाजूला सही केली, आणि ४९.२ लिहिलं. शेवटी शेरा लिहिला की, ही पायरी आधी वगळली होती, आता केली. साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. सोमवारी रंग मोजायचं उपकरण चारजणांनी उचलून तळमजल्यावर आणलं आणि नळाशेजारी ठेवलं. खालच्या खोलीच्या विचाराचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. ताई मात्र दर गुरुवारी खाली येऊ लागली. मामांनी तिसऱ्या गुरुवारी मूस तिच्या हातात दिली. घरी हे सांगितल्यावर मामी म्हणाल्या, "सुटले बाई. सवतीला सासर मिळालं."

पाच महिन्यांनी सेहेचाळीस जणांचे आकडे एका तक्त्यावर छापून आले. मधोमध एक आडवी रेघ, तो दगडाचा ठरलेला आकडा, आणि तिच्या वरखाली ठिपके, कुणी उंच उडालेलं, कुणी बुडालेलं. ज्यांनी दोन पद्धती वापरल्या त्यांचे दोन ठिपके. तक्ता दाराला लावला. येणारा जाणारा तेवीसपाशी थांबून विचारी, इथे एकच ठिपका कसा, दुसरा रकाना पाठवला नव्हता का?

"पाठवला होता," मामा म्हणत. "त्याच ठिपक्याखाली दडलाय."

आणि भट्टीचं दार उघडून आत बघत.