चौथं वळण

आमचे मामा पाणीखात्यात फिटर. माणूस नाकासमोर चालणारा, पण जुन्या वस्तीत त्यांनी टाकलेली पाइपलाइन म्हणजे गल्लीत सोडलेला साप. तेव्हाच्या साहेबांनी नोकरीच्या पुस्तकात शेरा मारला : ‘काम वाकडं’. तीस वर्षं ऑफिसात मामांना सगळे ‘वाकडे’ म्हणत. पुढेपुढे हजेरीपटावरही तेच नाव पडलं!

“खाली दगड लागायचा, वळसा घालावा लागला,” मामा जीव तोडून सांगत. कोण ऐकतो? आता निवृत्तीला महिना उरला होता आणि त्याआधी तो शेरा खोडला जावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्याच सुमारास गावात एक संशोधकबाई सातशे वर्षांपूर्वीचा किल्ला शोधत होत्या. किल्ला होता असं जुने कागद सांगत. पण लोकांनी त्याचे दगड नेऊन घरं बांधलेली, त्यामुळे नेमका कुठे होता याचा पत्ता नाही. बाईंनी दोन वर्षं टेकडी खणली. एक भिंत सापडली, पेढे वाटायचे तेवढे राहिले, आणि ती बकऱ्यांच्या गोठ्याची निघाली.

मामा त्यांच्याकडे गळका नळ दुरुस्त करायला गेले. टेबलावर किल्ल्याचं अंदाजी चित्र होतं : चार गोल बुरूज.

“अहो, ही तर माझी लाइन! वळणं अगदी अशीच!” मामा ओरडले आणि नळ तसाच गळता ठेवून घरी डायरी आणायला धावले. डायरीत तीन ठिकाणी लिहिलं होतं : ‘दगड लागला, वळसा घातला.’

तिन्ही ठिकाणी खणलं. तीन बुरूज! मामांचे पाय जमिनीवर ठरेनात. शेरा रद्द करायला हल्लीचे साहेब स्वतः कागद घेऊन आले. आम्ही सगळे नटूनथटून खणलेल्या जागी हजर होतो.

बाई लाइनच्या चौथ्या वळणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “चौथा बुरूज या घराखाली. उद्या फरशी फोडू.”

घर मामीच्या माहेरचं. मामांचा चेहरा पडला. गप्प बसले असते तर सही तेवढ्यात झाली असती. मला वाटलं, बसतील. मीच बसलो असतो.

“तिथे खणू नका,” मामा म्हणाले. “तिथे दगड नाही.”

“मग लाइन का वळली?”

मामा कानापर्यंत लाल झाले. “तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. या घरात ही राहायची. वळसा घातला म्हणून दारात चार दिवस काम निघालं.”

मामी बघतच राहिली. “चारही दिवस प्यायला पाणी मागत होते हो! पाणीखात्याचा माणूस! मला वाटलं, दगड फोडून दमलेत.”

साहेबांनी मान हलवली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, “तीन वळणं योग्य. चौथं विनाकारण.”

मामीने पदर खोचला. “विनाकारण? मी विनाकारण?”

साहेबांनी मुकाट्याने शब्द खोडला. “मग कारण काय लिहू?”

मामा म्हणाले, “लिहा, सासुरवाडी.”